तीन गोष्टी, एक घड्याळ

१९६०च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अमेरिकेतल्या सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीत वृत्तविभागाचा अध्यक्ष होता फ्रेड फ्रेंडली. त्याने डॉन ह्यूइट नावाच्या निर्मात्याला बोलावलं आणि सांगितलं, की संध्याकाळच्या बातम्यांचा कार्यक्रम तुझ्या वकुबाच्या मानाने फार छोटा आहे, तुझ्यासाठी मी एक स्वतंत्र विभागच काढतो. ह्यूइट हरखला. बाहेर येऊन ज्याला-त्याला ही आनंदाची बातमी सांगत सुटला. आपल्याला बढती मिळालेली नसून आपला काटा काढला गेला आहे, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पुढे हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा.

ज्या कार्यक्रमावरून त्याला हटवलं, तो वॉल्टर क्रॉन्काइटचा. पंधरा मिनिटांच्या राष्ट्रीय बातमीपत्राचं अर्ध्या तासाचं बातमीपत्र १९६३च्या सप्टेंबरात झालं तेव्हा निर्माता ह्यूइटच होता. क्रॉन्काइटच्या आधी डग्लस एडवर्ड्स बातम्या वाचायचा. कागदाकडे बघत बातम्या वाचणारा माणूस प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा देत नाही, याचा ह्यूइटला इतका जाच होई की एडवर्ड्सने सरळ ब्रेल शिकून घ्यावी, म्हणजे बोटांनी वाचता येईल, अशी सूचना त्याने गंभीरपणे केली होती. एडवर्ड्सने ती अर्थातच ऐकली नाही. पडद्यावर बोलणाऱ्याचं नाव खाली उमटवण्याची युक्तीही ह्यूइट आपलीच सांगे. १९५२ साली शिकागोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना तो एका खानावळीत गेला. तिथे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं खोचून पदार्थांची नावं लावलेली दिसली. त्याने ती पाटीच विकत घेतली, पदार्थांच्या जागी पुढाऱ्यांची नावं खोचली आणि कॅमेऱ्याने ती चित्रावर चढवली. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्यातला पहिला दूरचित्रवाणी वादविवाद दिग्दर्शित केला तोही यानेच. घाम पुसणारा, रंगभूषा नाकारलेला निक्सन आणि उन्हात रापलेला तरतरीत केनेडी हे चित्र अमेरिकेने पाहिलं ते ह्यूइटच्या कॅमेऱ्यांतून.

असा माणूस आता बिनकामाचा, म्हणजे माहितीपटांच्या विभागात, बसला होता. दूरचित्रवाणीवरच्या वृत्तमासिकाचा जन्म या सक्तीच्या रिकामपणात झाला.

त्या काळी माहितीपटांची अवस्था देवघरातल्या मूर्तीसारखी होती. मान सगळे देत, बघत फारसं कुणी नसे. सीबीएसकडे या क्षेत्रातली पुण्याई मोठी. एडवर्ड मरो या पत्रकाराने फ्रेंडलीच्याच साथीने १९५१च्या नोव्हेंबरात 'सी इट नाउ' सुरू केलं. पहिल्याच भागात अटलांटिक किनाऱ्यावरचा ब्रुकलिन पूल आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचा गोल्डन गेट पूल एकाच वेळी, शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर, थेट दिसले. तो भाग दिग्दर्शित केला होता तरुण ह्यूइटने. ९ मार्च १९५४ रोजी मरोने, कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करत सुटलेल्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीवरचा भाग दाखवला. त्यात मॅकार्थीला उघडं पाडलं ते मुख्यतः त्याच्याच चित्रफितींनी. कंपनीला त्या भागाची जाहिरात करायची हिंमत झाली नाही. मरो आणि फ्रेंडली यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात स्वतःच्या खिशातून दिली.

कंपनीचा मालक विल्यम पेली याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. वृत्तविभागातल्या लोकांना तो म्हणे, तुम्ही बातम्यांचं बघा, पैसे मिळवून द्यायला माझ्याकडे जॅक बेनी आहे. जॅक बेनी हा लोकप्रिय विनोदी नट. ही गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, त्या काळचा हिशेब तिच्यात बरोबर उतरला आहे. बातम्या हे परवाना टिकवण्यासाठी भरायचं एक प्रकारचं देणं होतं. हवेतल्या लहरी सार्वजनिक मालकीच्या, त्या वापरायच्या तर थोडी लोकसेवा दाखवली पाहिजे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. त्यातून कमाई व्हावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. तोट्यातल्या खात्याकडे मालकाचं लक्ष कमी असतं, आणि लक्ष कमी असलं की थोडं मोकळेपणही मिळतं. पुढचं सगळं समजायला ही एक बाब ध्यानात ठेवावी लागते.

या मरोचं एक दुसरं रूपही होतं. 'पर्सन टु पर्सन' नावाच्या कार्यक्रमात तो सिगरेट ओढत खुर्चीत बसे आणि कॅमेरा नामवंतांच्या घरी जाऊन त्यांचे दिवाणखाने दाखवी. समीक्षक नाकं मुरडत. वरचा मरो आणि खालचा मरो अशी वाटणी त्यांनी करून टाकली होती. पण खालच्या मरोला प्रेक्षक जास्त होते. ह्यूइटचं डोकं चाललं ते इथे. वरचा आणि खालचा मरो एकाच तासात का आणू नयेत? रॉबर्ट ओपनहायमरच्या प्रयोगशाळेत डोकावायचं आणि त्याच तासात मेरिलिन मन्रोच्या कपाटातही. छापील जगात 'लाइफ' हे नियतकालिक दर आठवड्याला हेच करत होतं. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये; आपला दिवाळी अंक वैचारिक लेख, कथा, प्रवासवर्णन, व्यंगचित्रं आणि वार्षिक राशिभविष्य एकाच मुखपृष्ठाखाली बांधतो आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. ह्यूइटने हिशेब केला तो असा, की एकाच विषयावर तासभर बसायला कुणी तयार नसेल, पण तीन विषयांवर वीस-वीस मिनिटं बसतील. एक आवडला नाही तर दुसरा येतोच आहे.

फ्रेंडलीला ही कल्पना पसंत पडली नव्हती. १९६६ साली व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेट समितीच्या सुनावणीऐवजी कंपनीने एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा दाखवला, तेव्हा फ्रेंडलीने राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेल्या रिचर्ड सॅलंटलाही कल्पना भिकार वाटली. ह्यूइट सांगतो त्याप्रमाणे, बिल लेनर्ड नावाच्या वरिष्ठ सहकाऱ्याने सॅलंटला फक्त एवढंच सांगितलं, की गंमत आहे, फ्रेंडलीचंही हेच मत होतं. सॅलंट आणि फ्रेंडली यांचं सख्य बेताचंच. कार्यक्रमाला परवानगी मिळाली.

२४ सप्टेंबर १९६८. मंगळवार, रात्रीचे दहा. 'सिक्स्टी मिनिट्स'चा पहिला भाग. काळ्या पार्श्वभूमीपुढे दोन निवेदक बसले होते. हॅरी रीझनर हा ऋजू, मिश्कील, शेजारचा सज्जन गृहस्थ वाटावा असा. आणि माइक वॉलेस, ज्याने न्यूयॉर्कच्या 'नाइट बीट'मध्ये समोरच्याला घाम फोडणाऱ्या मुलाखती घेऊन नाव आणि बदनामी दोन्ही कमावली होती. मधल्या काळात वॉलेसने प्रश्नमंजूषा चालवल्या, सिगरेटच्या जाहिराती केल्या. १९६२ साली त्याचा मोठा मुलगा ग्रीसमध्ये डोंगरावरून पडून गेला आणि त्यानंतर त्याने असली कामं सोडून फक्त पत्रकारिता करायचं ठरवलं. पहिल्या भागात निक्सन आणि हम्फ्री हे दोन उमेदवार आपापल्या हॉटेलच्या खोलीत बसून स्वतःचंच नामांकन दूरचित्रवाणीवर बघताना दिसले. पोलीस आणि जनता यांच्यातल्या तणावावर अॅटर्नी जनरल रॅम्सी क्लार्कची मुलाखत होती. आणि सोल बास या कलावंताच्या, माणूस निर्मिती का करतो या विषयावरच्या लघुपटातला भाग होता. राजकारण, पोलीस, कला. मासिकाचा अंक निघाला.

निघाला, पण खपला नाही. एक आठवडाआड येणारा कार्यक्रम. समोर लवकरच एबीसी या प्रतिस्पर्धी कंपनीची 'मार्कस वेल्बी' ही डॉक्टरांची अतिलोकप्रिय मालिका उभी राहिली. १९७० साली रीझनर एबीसीत गेला. त्याच्या जागी मॉर्ली सेफर आला. हा तोच वार्ताहर, ज्याने १९६५ साली व्हिएतनाममधल्या काम ने गावातल्या झोपड्यांना अमेरिकी सैनिक सिगरेट लायटरने आग लावताना दाखवले होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला हलवला गेला, म्हणजे हंगामात फुटबॉलचा सामना लांबला की रद्द. तरीही त्याला बंद केलं नाही. खर्च कमी होता, प्रतिष्ठा होती, आणि त्या काळी बातम्यांकडून नफ्याची अपेक्षाच नव्हती. आजच्या कुठल्याही वाहिनीवर असा कार्यक्रम तिसरा महिना बघणार नाही. 'सिक्स्टी मिनिट्स'ला पाय रोवायला सात वर्षं मिळाली, आणि या सात वर्षांत त्याची शैली घडली.

ती शैली आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी घडवली होती हे विसरायला होतं. सुरुवातीला शीर्षकसंगीत नाही, फक्त स्टॉपवॉचची टिकटिक. (त्यातलं एक घड्याळ आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.) मधे कुठे पार्श्वसंगीत नाही. सूत्रधार नाही, प्रत्येक वार्ताहर स्वतःची गोष्ट स्वतः मांडतो, मागे मासिकाचं उघडलेलं पान असावं तसं चित्र आणि शीर्षक. बारा-तेरा मिनिटांच्या तीन गोष्टी. शेवटी प्रेक्षकांची पत्रं, त्यात शिव्या देणारी आवर्जून. १९७०च्या दशकात उजव्या आणि डाव्या विचारांच्या दोन स्तंभलेखकांची खडाजंगी असे. तिची टिंगल 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाने इतकी केली की मूळ कार्यक्रमापेक्षा नक्कल लोकांच्या जास्त लक्षात राहिली. १९७८च्या उन्हाळ्यात त्या जागी अँडी रूनी आला. टेबलामागे बसून तो डब्यांची झाकणं, टपालातला कचरा, न उघडणारी पाकिटं अशा विषयांवर कुरकुर करी. ही कुरकुर ३३ वर्षं चालली. अंकाच्या शेवटच्या पानावरचं ललित सदर म्हणजे रूनी.

मुलाखतीत कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ जाई की कपाळ वरून कापलं जावं. ओठावरचा घाम, गिळलेला आवंढा, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली शांतता, हे सगळं पुरावा म्हणून पडद्यावर येई. कॅमेरा एकच असला की मुलाखत संपल्यावर तो वार्ताहराकडे फिरवून प्रश्न पुन्हा विचारायचे आणि मान डोलावतानाचे तुकडे घ्यायचे, ही त्या काळातली सर्वत्र चालणारी पद्धत. ती सोयीची होती, आणि तितकीच धोक्याचीही. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न पहिल्यापेक्षा धारदार होऊ शकतो.

पडद्यावर वॉलेस दिसे, पण महिनोन्‌महिने खपून माणसं शोधणारा, कागदपत्रं जमवणारा, मुलाखतीचे प्रश्न लिहून देणारा निर्माता वेगळाच असे. प्रत्येक वार्ताहराच्या हाताखाली असे अनेक निर्माते एकाच वेळी वेगवेगळ्या गोष्टींवर काम करत. वार्ताहर विमानाने येई, मुलाखत घेई, पुढच्या गावी जाई. प्रेक्षकाला मात्र गुप्तहेराच्या कादंबरीतला नायक एकट्याने छडा लावतो आहे असंच वाटे. हे जाणूनबुजून केलेलं होतं. ह्यूइट तयार गोष्ट अंधाऱ्या खोलीत बघायला बसे आणि त्याचा सगळा संपादकीय सिद्धांत चार शब्दांत संपे, 'टेल मी अ स्टोरी.' पुढे त्याने आत्मचरित्राचं नावही तेच ठेवलं. विषय सांगू नका, गोष्ट सांगा. प्रदूषण हा विषय. अमुक कारखान्यामागे राहणारं अमुक कुटुंब ही गोष्ट.

या सिद्धांताचं फळ काय, ते १९७६च्या शिकागोतल्या एका प्रकरणात पूर्ण दिसतं. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेत प्रयोगशाळा डॉक्टरांना टक्केवारी देतात, अशी कुजबुज होती. 'सिक्स्टी मिनिट्स'ने बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन या स्थानिक संस्थेबरोबर एक दवाखानाच थाटला. खोटा. एकतर्फी आरशामागे कॅमेरा. प्रयोगशाळांचे लोक आले आणि इतके-इतके टक्के देऊ, असं मोकळेपणाने बोलू लागले. बोलणं रंगात आलेलं असताना मागच्या खोलीचं दार उघडून माइक वॉलेस बाहेर. त्या क्षणाचे समोरच्याचे चेहरे बघण्यासारखे होते, आणि अमेरिकेने ते बघितले.

भ्रष्टाचार खरा होता. दवाखाना खोटा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. त्या दशकात गाडीत बसायला निघालेल्या माणसापुढे अचानक कॅमेरा घेऊन उभं राहणं, तोंडावर दार आपटून घेणं, तोंड लपवून पळणाऱ्याचा पाठलाग दाखवणं, ही वृत्तमासिकाची ओळख झाली. तोंड लपवणारा प्रत्येकजण चोर नसतो. अचानक डोळ्यांवर दिवा आला की कुणीही हात आडवा धरतो. पण पडद्यावर तो चोरच दिसतो. हे दुखणं कार्यक्रमातल्या लोकांनाही कळत होतं. १९८१ साली त्यांनी स्वतःच्याच पद्धतींवर टीकाकारांना बोलावून एक अख्खा भाग केला आणि वॉलेसनेही पुढे या छाप्याच्या शैलीपासून फारकत घेतली. त्याच सुमारास सॅन डिएगोतल्या एका बँकेत मुलाखतीदरम्यान, आपला कॅमेरा बंद आहे असं समजून, वॉलेस काळ्या आणि लॅटिनो लोकांविषयी एक ओंगळ विनोद करून बसला. बँकेने सावधगिरी म्हणून स्वतःचा कॅमेरा चालू ठेवला होता. विनोद वर्तमानपत्रांत आला.

त्याआधी कोर्टातही एक लढाई झाली होती. १९७३ च्या एका भागावरून व्हिएतनाममध्ये लढलेल्या एका निवृत्त कर्नलने निर्माता बॅरी लँडो, वॉलेस आणि सीबीएस यांच्यावर बदनामीचा दावा लावला. कापून टाकलेल्या फिती कुठे आहेत, कोणता तुकडा का घेतला, मनात काय होतं, हे विचारायचा हक्क त्याला आहे का? १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आहे असं सांगितलं. बारा मिनिटांच्या गोष्टीत काय आलं नाही, हाही आता पुराव्याचा भाग झाला. (दावा शेवटी सीबीएसनेच जिंकला, पण त्याला १९८६ उजाडलं.)

यश आलं ते मात्र यातल्या कशामुळेही आपोआप आलं नाही. ते एका सरकारी नियमाने आणलं. १९७१ साली अमेरिकेच्या संचार आयोगाने मोठ्या कंपन्यांकडून संध्याकाळचा एक तास काढून घेऊन स्थानिक केंद्रांना दिला. १९७५ मध्ये त्यात सवलत निघाली, की रविवारी सात ते आठ या वेळात लहान मुलांचे किंवा सार्वजनिक हिताचे कार्यक्रम असतील तर कंपन्यांनी खुशाल दाखवावेत. त्या वेळेत कुणाला विनोदी मालिका लावता येईना, मारधाडीचे चित्रपट लावता येईनात. डिसेंबर १९७५ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' रविवारी सातला आलं. समोर मुलांसाठीचं डिस्ने. मागे, दुपारभर फुटबॉल बघून त्याच वाहिनीवर रेंगाळलेले लाखो पुरुष. डॅन रादर तिसरा वार्ताहर म्हणून आला. पुढची चार वर्षं आलेख चढत गेला आणि १९७९-८०च्या हंगामात हा कार्यक्रम अमेरिकेत सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम ठरला. बातम्यांतला नव्हे, सगळ्यांतला. सलग २३ हंगाम तो पहिल्या दहात राहिला.

त्या हंगामात, १९७९च्या नोव्हेंबरात, तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतले लोक ओलीस धरले गेल्यानंतर काहीच दिवसांनी वॉलेस कोम शहरात आयातुल्ला खोमेनींसमोर जमिनीवर बसला होता. प्रश्न आधीच मंजूर करून घ्यावे लागले होते. यादीत नसलेला एक प्रश्न त्याने घुसवला: इजिप्तचे अध्यक्ष सादात तुम्हाला वेडा म्हणतात, शब्द त्यांचे आहेत, माफ करा. दुभाष्याची जीभ अडखळली. खोमेनींच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सादात यांना इजिप्तची जनता उलथवून टाकील, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. दोन वर्षांनी सादात यांची त्यांच्याच सैन्यातल्या लोकांनी लष्करी संचलनात हत्या केली. एका प्रश्नाने बारा मिनिटांना जो ताण येतो, त्याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

या शैलीने न्यायही मिळवून दिला. टेक्सासमधल्या एका तरुण कृष्णवर्णीय इंजिनिअरला, चिकनच्या दुकानातल्या ६१५ डॉलरच्या दरोड्याबद्दल जन्मठेप झाली होती. दरोड्याच्या वेळी तो कामावर होता असं सहकारी सांगत होते. ज्युरीने त्यांचं ऐकलं नव्हतं. डिसेंबर १९८३ मध्ये मॉर्ली सेफरने ती गोष्ट सांगितली. पंधरवड्याच्या आत तो तुरुंगाबाहेर होता आणि पुढच्या मार्चमध्ये आरोप मागे घेतले गेले. आणि याच शैलीने १९८६ साली ऑडी मोटारीचं काय केलं तेही बघा. ब्रेकवर पाय असताना ही मोटार आपोआप सुसाट धावते, असं सांगणारी दुःखी कुटुंबं होती, गाडीखाली मूल गमावलेली आई होती, आणि पेडल स्वतःहून खाली जाताना दाखवणारी चित्रफीत होती. ती गाडी एका तज्ज्ञाने मुद्दाम छेडछाड करून तयार केली होती, हे प्रेक्षकांना नीट कळलं नाही. १९८९ साली सरकारी वाहनसुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला, की चालक बहुधा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबत होते. तोवर ऑडीची अमेरिकेतली विक्री कोसळली होती. १९८५ मधल्या वर्षाला ७४ हजार गाड्यांवरून ती १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली. इंजिनिअरच्या गोष्टीत बळी होता आणि खलनायक होता. ऑडीच्या गोष्टीत बळी होते, म्हणून खलनायक शोधला गेला.

एवढ्यात इतर कंपन्यांनी हिशेब मांडला होता. नाट्यमालिकेच्या एका तासाला जेवढा खर्च येतो त्याच्या साधारण निम्म्यात वृत्तमासिकाचा तास होतो. एबीसीने १९७८ साली 'ट्वेंटी-ट्वेंटी' आणलं. पहिल्या भागाची समीक्षकांनी एवढी सालटी काढली की दोन्ही निवेदक लगेच बदलावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या चॅनेल नाइनने १९७९ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' नावासकट नेलं. १९९२ मध्ये एनबीसीचं 'डेटलाइन' आलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सच्या ट्रकला धडक बसली की टाकी पेटते हे दाखवताना आग नक्की लागावी म्हणून ट्रकखाली ठिणगी पाडणारी उपकरणं लावली गेली. कंपनीने ते शोधून काढलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये एनबीसीला पडद्यावर माफी मागावी लागली आणि वृत्तविभागाचा प्रमुख मायकेल गार्टनर याला जावं लागलं. बातमी विकून पैसे मिळतात हे सिद्ध करून आपण दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांचं नुकसान केलं, अशा अर्थाचं ह्यूइटच नंतर बोलत असे. अर्धं थट्टेत, अर्धं मनापासून.

आपल्याकडे हा प्रकार आला तो वेगळ्याच वाटेने. दूरदर्शन सरकारचं. मुंबई दूरदर्शनवर १९७०च्या दशकात स्मिता पाटील बातम्या वाचत, घरोघर लोक त्यांना बघत. पण ते बातम्यांचं वाचन होतं, छडा लावणं नव्हे. १९८८ साली दूरदर्शनने प्रणय रॉय यांच्या एनडीटीव्हीला 'द वर्ल्ड धिस वीक' करू दिलं, ते जगाच्या बातम्यांचं. शुक्रवारी रात्री बर्लिनची भिंत पडताना आणि तिआनानमेन चौकातले रणगाडे आपण बघितले ते त्यात. देशातल्या बातम्यांना मात्र हात लावायचा नाही. मग त्याच वर्षी 'इंडिया टुडे' समूहाने मधू त्रेहान यांच्या संपादनाखाली 'न्यूजट्रॅक' काढलं, व्हिडिओ कॅसेटवर. दर महिन्याला कॅसेट निघायची. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत, 'तेजाब'च्या शेजारी, मंडलविरोधी आंदोलनातला जळता विद्यार्थी आणि काश्मीरमधल्या गल्ल्या भाड्याने मिळू लागल्या. साच्यात 'सिक्स्टी मिनिट्स'च: तीन-चार गोष्टी, प्रत्येकीचा स्वतंत्र वार्ताहर, धीट मुलाखती. फक्त घड्याळ नव्हतं, कारण प्रक्षेपणाची वेळच नव्हती.

यातली विसंगती बघा. छापील 'इंडिया टुडे'ला एक ओळही कुणाला आधी दाखवावी लागत नसे. त्याच मालकाच्या कॅसेटला मात्र, ती व्हिडिओ फिल्म म्हणून, सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागे. विनीत नारायण यांच्या 'कालचक्र' या हिंदी कॅसेट-मासिकालाही सेन्सॉरशी झगडावं लागलं. जैन बंधूंच्या डायरीतून निघालेलं हवाला प्रकरण लावून धरत ते १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९९७चा निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला तो त्या निकालाने. कॅसेटचा खर्च गिऱ्हाईक थेट देत होतं, त्यामुळे तिला दूरदर्शनची मर्जी राखावी लागली नाही आणि लोकप्रियतेच्या आकड्यांमागेही धावावं लागलं नाही. पण घरात उपग्रह वाहिन्या येताच गिऱ्हाईक गेलं. १९९५ मध्ये त्याच समूहाचं 'आज तक' डीडी मेट्रोवर वीस मिनिटांचं दैनिक बातमीपत्र म्हणून आलं, आणि महिन्याभराची वाट बघून मिळणारी गोष्ट मागे पडली. हा प्रयोग आपल्याकडे सात-आठ वर्षंच टिकला आणि त्याचा नीट इतिहास अजून मराठीत कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत त्याच १९९५ साली कमाईची किंमत चुकवायची वेळ आली. ब्राउन अँड विल्यमसन या सिगरेट कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख राहिलेले जेफ्री वायगंड यांची मुलाखत वॉलेसने घेतली होती. मागचा निर्माता लोवेल बर्गमन. वायगंड यांनी कंपनीशी गुप्ततेचा करार केला होता. तो मोडायला त्यांना उद्युक्त केलं म्हणून सिगरेट कंपनी अब्जावधींचा दावा लावील, असं सीबीएसच्या वकिलांनी सांगितलं. मुलाखत खोटी असल्याचं कुणीच म्हणत नव्हतं. खरी असणं हाच धोका होता. त्या सुमारास सीबीएस वेस्टिंगहाउसला विकली जात होती. आणि विकणारा लॉरेन्स टिश याच्या कुटुंबाच्या लोज कंपनीकडे लॉरिलार्ड हा सिगरेटचा कारखानाही होता. नोव्हेंबरात मुलाखत वगळून एक फिका भाग दाखवला गेला. ह्यूइटने तेव्हा वकिलांपुढे मान तुकवली. मॅकार्थीच्या वेळी मरोने पदरचे पैसे घातले होते, ते आठवल्यावाचून राहत नाही. १९९६च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने वायगंड यांची साक्ष छापून टाकली. मग ४ फेब्रुवारीला 'सिक्स्टी मिनिट्स'ने मुलाखत दाखवली. छापील वर्तमानपत्राने दार उघडल्यावर.

ह्यूइट २००४ मध्ये पायउतार झाला, २००९ मध्ये गेला. कार्यक्रम चालू राहिला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या संकलनावरून डोनाल्ड ट्रम्प यांनी सीबीएसवर दावा लावला. कोणता तुकडा घेतला आणि कोणता गाळला, हाच पुन्हा मुद्दा. मालक कंपनी पॅरामाउंटला तेव्हा स्कायडान्सबरोबरच्या विलीनीकरणासाठी सरकारी मंजुरी हवी होती. एप्रिल २०२५ मध्ये कार्यकारी निर्माता बिल ओवेन्स याने, आपल्याला स्वतंत्रपणे निर्णय घेता येत नाहीत असं सांगून राजीनामा दिला. जुलैच्या सुरुवातीला पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला संचार आयोगाने विलीनीकरणाला परवानगी दिली.